बोटीवरची वलणी

लुगडं आधी नेसून घ्या. नऊ वार, सुती, कासोटा घट्ट खोचलेला. पुरुष वाचकांनाही सूट नाही. आपण जिथे चाललो आहोत तिथे पाटलोणवाल्याला फारशी अडचण येत नाही, आणि मला अडचणच दाखवायची आहे. मोबाइल इथेच ठेवा. साल १८८३, मार्चचे शेवटचे दिवस. तुम्ही कल्याणात आहात, एका वाड्याच्या परसात, विहिरीकडेच्या धुण्याच्या दगडासमोर.

हा दगड डोळे भरून बघून घ्या, पुढे दोन महिने तो भेटणार नाही. रहाट ओढा. पाणी गोडं आहे आणि हवं तेवढं आहे. रात्री भिजत घातलेले रिठे चुरगाळून त्यांचा फेस लुगड्यावर ओता, लुगडं दगडावर आपटा, चुबका, तीन पाण्यांत खळबळून काढा. आता हाक मारा, जाऊबाई असतील तर त्यांना, नाहीतर सासूबाईंना. एक टोक त्यांच्या हातात, एक तुमच्या. दोघींनी उलट्या दिशांना पीळ द्यायचा. एकटीला नऊ वार पिळता येत नाहीत. हे आत्ता किरकोळ वाटेल.

मग झटका, झटकल्यावर होणारा तो फटकारा ऐका, आणि आत माजघरात या. वर आढ्याजवळ आडवा बांबू टांगलेला आहे, ती वलणी. सोवळ्याचं वस्त्र काठीने वर चढवायचं आणि काठीनेच उतरवायचं. मधल्या वेळात एखादं पोर धावत येऊन त्याला शिवलं, की ते पुन्हा पाण्यात. गावचा परीट तुमच्यापेक्षा लखलखीत धुतो, तरी त्याच्याकडून आलेलं वस्त्र घरी पुन्हा एकदा पाण्यातून काढल्याखेरीज सोवळ्याला चालत नाही. जो मळ काढतो त्याच्याच हाताने विटाळ होतो, हे गणित मला कधी सुटलेलं नाही. तुम्हाला मात्र ते आज पाळायचं आहे.

रेशमी मुकटा आणि लोकरीची धाबळी रोज धुवावी लागत नाहीत, न धुताही सोवळ्यात चालतात. शास्त्राने ठेवलेली ही फट ध्यानात ठेवा. ट्रंकेत एक मुकटा टाका.

आता ट्रंक भरू. लुगडी चार. चोळ्या सहा. एक फार जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं, नेसण्यासाठी नव्हे, फाडण्यासाठी. कशासाठी ते पुढे येईल. पिशवीभर रिठे. काथ्याची दोरी, दहा-बारा हात. दोरी घेताना घरात कुणीतरी हसेल. हसू द्या.

तसं बोटीला हे गाव परकं नाही. दुर्गाडीखालच्या खाडीत शिवाजी महाराजांनी गलबतं बांधून घेतली. त्याच्याही हजारेक वर्षं आधी, सहाव्या शतकात, कॉसमस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत ‘कल्लियाना’ची नोंद केली आणि तिथून काय काय बाहेर जातं त्या यादीत कापड लिहिलं. म्हणजे कल्याणचं कापड समुद्रावर जात आलेलंच आहे; पण कोरडं, गठ्ठे बांधून, पुरुषांच्या ताब्यात. ते अंगावर नेसून, वाटेत धूत-वाळवत जाण्याची वेळ अजून इथल्या कुठल्या बाईवर आल्याचं ऐकिवात नाही. ती पंधरवड्यात येणार आहे.

कल्याणच्या जोश्यांची यमू तुम्हाला ठाऊक आहे. नवव्या वर्षी पोस्टातल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. नवरा बदलीबरोबर तिला अलिबाग, कोल्हापूर, भूज करत बंगालपर्यंत घेऊन गेला आणि हट्टाने शिकवत राहिला. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. आता ती अठरा वर्षांची आहे आणि डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाली आहे, एकटी. गेल्या २४ फेब्रुवारीला श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात तिने भर सभेत, इंग्रजीत, आपण का जातो याची उत्तरं दिली. त्यात एक शब्द दिला: आपला धर्म, आपली राहणी, आपला वेष यात बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन. टाळ्या पडल्या असतील. चरित्रं या भाषणाच्या धैर्याबद्दल लिहितात, आणि ते खरंच आहे. मला मात्र हे भाषण वाचताना दरवेळी एकच दिसतं. दिलेला शब्द नऊ वार लांब होता, आणि तो रोज धुवायचा होता.

गाडी पकडा. कल्याणला रेल्वे १८५४ पासून आहे, जबलपूरवरून कलकत्त्यापर्यंत सलग रूळ १८७० पासून. हा प्रवास पटकन उरकू. खिडकीतून येणारे कोळशाचे कण तेवढे लुगड्यावरून झटकत चला, ही उजळणी आहे.

शनिवार, ७ एप्रिल. ‘सिटी ऑफ कलकत्ता’ हुगळीत उभी आहे. धक्क्यावर लोकांची दाटी. मिशनरी बायकांच्या घोळक्यात एकच नऊवारी दिसते, ती आनंदीबाई. भाड्याच्या पैशांसाठी तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्यात. तिच्याकडे बघा, पण मागे मागे जाऊ नका. तिच्या केबिनचं दार आपण या सबंध प्रवासात बंदच ठेवणार आहोत. ती काय जेवली, काय बोलली, कुणाशी तिचं पटलं नाही हे तिचं ती पत्रांत लिहील. धुणं तुमचं आहे. तुमची केबिन पलीकडची, आणि तीत तुमच्याबरोबर एक इंग्रज बाई आहे.

पहिली सकाळ. फाल्गुन सरला आहे, पाडवा समुद्रावरच उगवतो. कल्याणात घरोघर काठीला कोरं वस्त्र चढलं असेल. तुमचं कालचं लुगडं केबिनच्या कोपऱ्यात बोळा होऊन पडलंय आणि बंगालच्या उपसागराच्या दमट हवेत घामाने आंबूसही झालंय.

पाणी मागा. बायकांच्या दिमतीला असलेली स्टुअर्डेस एक झारीभर आणून देईल. हे प्यायचं, चूळ भरायचं आणि तोंडावर मारायचं. बोटीवर गोडं पाणी टाक्यांतून येतं किंवा समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवलेलं असतं. म्हणजे प्रत्येक बादलीला कोळसा जळतो. आंघोळीला न्हाणीघरात टब आहे, पण तो भरतात पंपाने ओढलेल्या समुद्राच्या पाण्याने. आंघोळ झाली की अंगावर ओतायला एक लहान डबा गोडं. लुगड्याला? स्टुअर्डेस तुमच्याकडे बघते, लुगड्याच्या लांबीकडे बघते आणि निघून जाते.

तुमची सोबतीण मात्र निश्चिंत आहे. तिच्या ट्रंकेत आतले कपडे डझनावारी आहेत. अंगावरचा मळला की पिशवीत, नवा बाहेर. बंदरात मोठा मुक्काम पडला तर तिथल्या धोब्याला, नाहीतर थेट मुक्कामी पोचल्यावर. बोटीवर कपडे धुवायचेच नाहीत, ही साहेबाची युक्ती. त्यासाठी डझनावारी कपडे घेण्याइतके पैसे लागतात, आणि मळक्या कपड्यांची पिशवी उशाशी घेऊन झोपण्याची तयारीही लागते. दुसरी गोष्ट मला पैशांहून अवघड वाटते. काल नेसलेलं आज न धुता नेसायचं नाही, ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली असते. तिच्यात धर्म किती आणि उकाडा किती हे वेगळं काढता येत नाही.

तेव्हा समुद्राचं पाणी. टबातच लुगडं बुडवा. सोबतिणीने मोठ्या मनाने आपली साबणाची वडी पुढे केली आहे, चोळून बघा. फेस नाही. उलट पांढुरका, चिकट साका लुगड्याच्या धाग्यांना बिलगतो आणि सुटता सुटत नाही. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम साबणाला धरतात आणि त्याचा न विरघळणारा थर करून टाकतात. खलाशांना हे केव्हाच कळलेलं आहे. त्यांचा साबण वेगळा, खोबरेल तेलाचा. खाऱ्या पाण्यात फेसतो तो तोच. कोकणच्या माणसाला हे ऐकून थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. तुमच्याकडे तो नाही, पण रिठे आहेत. बाहेर काढा. रिठ्याच्या फेसाची जातच साबणाहून निराळी, क्षारांशी त्याचं भांडण नाही. खाऱ्या पाण्यातही तो उठतो. मघाशी पिशवीभर रिठे भरायला लावले ते याचसाठी.

धुतलं. आता पिळा. बोट डावीकडे कलते, टबातलं पाणी उजवीकडे चढतं आणि तुम्ही एका हाताने दाराची मूठ धरली आहे. दुसरं टोक धरायला जाऊबाई नाहीत. लुगडं नळाला अडकवा, दोन पदर एकत्र धरा आणि एकटीच पीळ घाला. मधला भाग ओलागच्च राहतो. राहू द्या.

वाळवायचं कुठे? वर डेकवर वारा आहे, ऊन आहे, कठड्याचे गज आहेत. तिथे खुर्च्यांवर साहेब वाचत बसलेत आणि त्यांच्या मडमा विणत बसल्यात. वरच्या वर्गाच्या डेकवर धुणं टांगणं म्हणजे अब्रह्मण्यम्. पुढे नाळेकडे खलाशांचा भाग, तिथे त्यांच्या दोऱ्या आहेत, निळे सदरे फडफडताहेत. कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर खालचे हात बहुतेक आपल्याकडचेच: खलाशी, त्यांच्यावर तांडेल, सगळ्यांवर सारंग. सारंगाला विचारायचं? एका बाईने, आपलं ओलं लुगडं खलाशांच्या दोरीवर?

नका विचारू, नुसतं बघा. त्यांच्या दोरीला चिमटा एकही नाही. दोन दोऱ्या एकमेकींभोवती पिळून ताणल्यात, आणि सदऱ्याचं टोक त्या पिळातून ओढून घेतलंय. जेवढा वारा जोराचा तेवढी पकड घट्ट. केबिनमध्ये परत या आणि काथ्याची दोरी दुहेरी करा, पीळ घाला, वरच्या बिछान्याच्या दांडीपासून दाराच्या खुंटीपर्यंत ताणा. झाली वलणी.

ती भरते सहा फूट. लुगडं आहे सत्तावीस फूट. चार-पाच घड्या करून टाकावं तर आतल्या घड्यांना हवा लागत नाही आणि उद्यापर्यंत कुबट वास येतो. त्यावर एक जुनी, गरिबीची युक्ती आहे. ओढ्यावर धुणाऱ्या, दुसरं लुगडं नसलेल्या बायकांना ती अजून येते: अर्धं अंगावर, अर्धं वाऱ्यावर, वाळलं की अदलाबदल. दार लावून घ्या, गोल खिडकी उघडा, अर्धं लुगडं त्या झोतात धरून उभ्या राहा. सोबतीण पाठ वळवून झोपल्याचं सोंग करते. भली बाई आहे.

तासाभराने हात लावून बघा. वाळलंय म्हणावं तर थंड लागतं. खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा नेमका इथे फसवतो. पाणी उडून जातं, मीठ धाग्यात राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. समुद्रावरच्या हवेत तो पुरेपूर असतो. दुपारी कडक झालेलं लुगडं संध्याकाळी आपोआप दमट होतं, सकाळी चिकट. तसंच नेसलात तर चौथ्या दिवशी कासोट्याखाली मांड्या सोलवटतात. साडी नेसून समुद्र ओलांडण्याच्या गौरवकथेत या सोलवटलेल्या मांड्या कुणी घालत नाही, म्हणून मी घालते. झारीतलं पिण्याचं पाणी वाचवा. शेवटचं एक खळबळणं गोड्या पाण्यात झालंच पाहिजे; तहान लागली तरी चालेल.

वर डेकवर नेलंत तर दुसरं संकट. बोटीच्या मध्यावरचं ते धुराडं दिवसरात्र काळं ओकतंय. वारा फिरला की काजळीचे कण अलगद येऊन बसतात, आणि ओल्या कापडावर बसलेला कण झटकायचा नसतो, झटकला की काळी रेघ उठते. वाळू द्या, मग फुंका. हे मला कुणी शिकवलं नाही. वाफेच्या इंजिनाच्या काळात रुळांशेजारी राहिलेल्या घरांत आज्यांना येत होतं, तिथून आलंय.

आणि मग एक दिवस ते जुनं, मऊ लुगडं फाडायची वेळ येते. कल्याणात असतात तर तीन रात्री बाजूला बसला असतात, वेगळं अंथरूण, वेगळं भांडं, चौथ्या दिवशी न्हाणं. बोटीवर बाजूला बसायला बाजूच नाही. केबिन सहा पावलांची. जेवणाचं टेबल एकच, जिना एकच, कठडा एकच. तीन दिवस तुम्ही सगळ्यांना शिवता आणि कुणालाही काही होत नाही. यावर विचार करायला पुढे वेळ मिळेल, आत्ता प्रश्न चिंध्या धुण्याचा आहे. धुवायच्या रात्री, सगळे निजल्यावर. वाळवायच्या गादीखाली, किंवा वलणीवर, वरून चोळी पांघरून. ऊन लागायला हवं आणि ऊन लागू द्यायचं नाही, ही कसरत घरीही होतीच. इथे फक्त भिंती जवळ आल्या. तिसऱ्या रात्री अंधारात टबाकडे जाताना दारात सोबतीण भेटते. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं तसंच काहीतरी आहे. फेकून देता येतील अशा पट्ट्या तिच्याही देशात अजून मिळत नाहीत. दोघी वाट देण्यासाठी एकदमच बाजूला सरता. बोलणं काही होत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आपल्या बाजूची खुंटी तुमच्या दोरीसाठी मोकळी करते.

एडन. बोटी इथे कोळसा घेतात. एडन तेव्हा मुंबई इलाख्यातच आहे, म्हणजे कागदोपत्री तुम्ही अजून घरचाच उंबरा ओलांडलेला नाही. इथल्याच तुरुंगात शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके अवघ्या दोन-अडीच महिन्यांपूर्वी, १७ फेब्रुवारीला, गेले. काळ्या डोंगरांकडे बघताना ते आठवल्यावाचून राहत नाही. पण लगेच आतून हाक येते, खिडक्या लावा! टोपल्यांनी कोळसा चढू लागला की दारं-खिडक्या बंद, दोऱ्या उतरवलेल्या, तरी काळी भुकटी शिरते, वलणीवर, बिछान्यावर, दातांत. आज धुणं नाही. पाणी मागूही नका. या गावाला पाऊस ठाऊक नाही, पिण्याचं पाणीही इथे समुद्र उकळून काढतात.

तांबडा समुद्र. दोन्ही बाजूंना वाळवंट, तेव्हा कपडे चुटकीसरशी वाळतील असं तुम्हाला वाटलं. मलाही वाटलं असतं. दक्षिणेच्या भागात या दिवसांत वारा बहुधा मागून येतो, आणि तो बोटीच्याच वेगाने आला तर डेकवर वारा नावाची गोष्टच उरत नाही. बोट स्वतःच्या धुराच्या छत्रीखाली चालते. हवा ओली, उभी, तापलेली. लोक गाद्या उचलून डेकवर झोपायला येतात. कप्तान कधीकधी नुसती हवा लागावी म्हणून बोट उलटी वळवून थोडा वेळ वाऱ्यावर धरतात असे किस्से आहेत. लुगडं जसं टांगलं तसं लोंबतं. इथे मुकटा काढा. शास्त्राने ठेवलेली फट उपयोगाला आली. रेशमात घाम धारांनी वाहतो, पण धुण्याला चार दिवस सुट्टी.

तुमच्या काळातल्या क्रूझवर न्हाणीघरात भिंतीतून ओढून काढायची दोरी असते, पैसे मोजले की पिशवीभर कपडे इस्त्री होऊन परत येतात, आणि बाल्कनीच्या कठड्यावर कपडे टाकायला मनाई असते. वाऱ्याने उडतात म्हणून. म्हणजे कठडा तेव्हाही बंद होता आणि आताही. कारण तेवढं बदललं.

सुएझ. कालवा उघडून तेरा वर्षं उलटलीत. इथे बोट माणसाच्या दुडक्या चालीने जाते, आणि रात्री जातच नाही. विजेच्या झोतदिव्यांनी रात्रीची वाहतूक सुरू होईल १८८७ मध्ये. अंधार पडला की कडेच्या रुंद जागेत बोट बांधून ठेवतात. धुराड्याचा जोर ओसरतो. दोन्हीकडे वाळू. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. उठा. सगळी लुगडी, चारही, आज. दिवसभर झारीतलं पाणी साठवलंय, सोबतिणीनेही आपलं दिलंय. डेकच्या मागच्या टोकाला कुणी नाही. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं. तिला लुगडं पिळणं माहीत नाही, ती तुमच्याच दिशेने पीळ घालते आणि सगळा पीळ उलगडतो. हाताने दाखवा, उलटं. आता जमलं. पाण्याची धार डेकच्या फळ्यांवरून वाहते. कठड्याला बांधलेल्या दोरीवर नऊ वार सलग, एकाही घडीशिवाय, निघाल्यापासून पहिल्यांदा. तासाभरात खडखडीत. बारीक वाळू बसते ती झटकली की जाते, काजळीसारखी नसते. पहाटे सुकाणूवाला येतो तेव्हा तिथे कठडा आहे आणि तुम्ही दोघी झोपाळलेल्या.

भूमध्य समुद्राबद्दल तक्रार नाही. वारा बरा, ऊन बरं.

अटलांटिकला आहे. न्यूफाउंडलंडच्या बाजूला मे-जूनचं धुकं असं बसतं की बोट भोंगा वाजवत चाचपडते. त्या हवेत वाळण्याला जागाच नाही; हवाच ओली. केबिनमधलं लुगडं तीन दिवस तसंच, वर गार. तुम्ही पिंढऱ्यांपर्यंत उघड्या. नऊवारी ही गरम हवेची गोष्ट आहे, कासोटा मारून काम करायची, चिखलात उतरायची. पोटऱ्या मोकळ्या राहाव्यात यासाठीच ती तशी आहे. इथे त्या मोकळ्या पोटऱ्या बधिर होतात. पुढे अमेरिकेच्या थंडीत आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागतील, पाय घोट्यापर्यंत झाकणारी, आणि त्याची कारणं नवऱ्याला पत्रातून समजावतील. वेषाचा शब्द मोडला का? माझ्या मते नाही. त्या पोस्टातल्या गृहस्थाने अटलांटिकवर एकदा लुगडं वाळवून बघायला हवं होतं.

तुमच्यापुरता उपाय खाली आहे. इंजिनाच्या वरच्या बाजूला लोखंडी जाळ्या आहेत, त्यांतून बॉयलरची गरम, कोरडी हवा वर येते. कोळसा टाकणारे आपले फडके तिथेच वाळवतात. जाळीच्या एका कडेला जागा मागा. खुणेने मागा. घामाने निथळणारा, कमरेपर्यंत उघडा, काळा झालेला माणूस तुमच्या हातातलं गाठोडं बघतो, आपली फडकी सरकवतो. कोणाचं कुठे लागलं, कोण कोणाला शिवलं? कल्याणच्या माजघरातली काठी इथे नाही. लुगडं कोरडं होतं, ऊबदार होतं, त्याला तेलाचा थोडा वास येतो. नेसा.

सोमवार, ४ जून. न्यू यॉर्क. आनंदीबाईंना घ्यायला श्रीमती कार्पेंटर आल्या आहेत, दंतवैद्याकडे ताटकळताना एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचून ज्यांनी आपण होऊन मैत्री धरली त्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणते. त्या दोघींना पुढे जाऊ द्या. तुम्ही नदी ओलांडा आणि न्यू जर्सीच्या गाडीत बसा, त्यांच्याच रोझेल गावाकडे. हे गाव लहान आहे पण गेल्या जानेवारीतच एडिसनने तिथे खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावलेत. रस्त्याच्या दोन्ही कडांना ताणलेल्या त्या तारा बघून तुमच्या डोक्यात काय येतं ते मला ठाऊक आहे. नको. त्यांच्यावर काही टाकायचं नाही.

पण त्याआधी खिडकीतून बाहेर बघा. घरामागून घरं जातात, आणि प्रत्येकाच्या मागच्या अंगणात दोऱ्या आहेत, भरलेल्या. चादरी, सदरे, पोरांचे झबले, परकर, आणि तुम्ही गेले दोन महिने गादीखाली लपवलंत त्या सगळ्याचे भाऊबंद, उघड्यावर, रांगेने, कुणाच्याही नजरेसमोर. एका घरी नव्हे, एका गल्लीत नव्हे. सगळीकडे. या देशात सोमवार हा धुण्याचा वार आहे. रविवारी देवळात, सोमवारी हौदाशी. तुम्ही नेमक्या त्याच दिवशी उतरलात. कपड्यांना लाकडी चिमटे आहेत, काही साधे चिरलेले, काही स्प्रिंगचे. स्प्रिंगच्या चिमट्याचं पेटंट इथेच तीस वर्षांपूर्वी निघालंय.

रोझेलला उतरा. ज्या घरी मुक्काम आहे तिथे ट्रंक ठेवा, पाणी प्या, पोटभर, आता राखून ठेवायचं कारण नाही. मग मागच्या अंगणात जा. यजमानीण दोरीवरचे शेवटचे कपडे लावतेय. तुमची काथ्याची दोरी बाहेर काढू नका, तिची मागा. चिमटे मोजून घ्या. सलग पसरलेल्या एका लुगड्याला निदान डझनभर लागतील.